चौदा वर्षांची मुलगी, स्कॉटलंडचा लिंक्स कोर्स आणि हातात अडीच महिने

कोथरूडच्या एका आईने विचारलं आहे: मुलगी चौदा वर्षांची. सहा वर्षं येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर गोल्फ खेळते, हँडिकॅप चार (म्हणजे चांगल्या दिवशी पारपेक्षा, कोर्सच्या ठरलेल्या शॉटसंख्येपेक्षा, साधारण चार शॉट जास्त). जुलैच्या शेवटी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर तिची पहिली परदेशी ज्युनियर स्पर्धा आहे, तीही लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या, कोर्सवर. तिथला वारा आणि ते खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, व्हिडिओत पाहून ती धास्तावली आहे. स्विंग बदलावा का, नवे क्लब घ्यावेत का, किती दिवस आधी पोचावं, आणि आम्ही पालकांनी तिथे नेमकं काय करायचं?

ताई, सगळ्यात आधी हे की स्विंगला आत्ता हात लावू नका. अडीच महिन्यांत नवा स्विंग अंगात मुरत नाही, जुन्यावरचा भरवसा मात्र उडतो. चार हँडिकॅपच्या मुलीला बॉल मारता येतो, त्याची काळजी नको. तिला तिथे कमी पडेल ती एक सवय: अनोळखी होलवर बॉल कुठे पडला तर चालेल आणि कुठे पडलेला अजिबात चालणार नाही, हे मारण्याआधी ठरवण्याची. येरवड्याला तिला हे ठरवावंच लागत नाही. इतक्या वेळा खेळलेला कोर्स पायाखालचा झालेला असतो. मी पुण्यातली मुलं बाहेरच्या स्पर्धांसाठी तयार करतो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळ या एका सवयीवर घालवतो, आणि तुम्हालाही तेच सुचवणार आहे.

आधी जमीन समजून घेऊ. आपल्याकडे बर्म्युडा गवत, त्याला रोजचं पाणी, दोन्ही बाजूंना झाडं. बॉल गवतावर नीट उभा राहतो आणि उंचावरून ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) पडला की थांबतो. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची पट्टी. पाऊस पडला तरी पाणी झटकन मुरतं, त्यामुळे जमीन कडक राहते. फेस्क्यू नावाचं बारीक पात्याचं गवत अगदी आखूड कापलेलं असतं आणि बॉल जवळजवळ जमिनीला टेकून बसतो. पडल्यावर तो वीस-तीस यार्ड सहज पळतो, तेही सरळ नाही. फेअरवेवर (ग्रीनकडे नेणाऱ्या, गवत कापलेल्या पट्ट्यावर) छोटे-मोठे उंचवटे असतात, त्यांचा उतार धरून तो कुठेही जातो, पुष्कळदा थेट बंकरकडे. फेअरवे सुटला तर गुडघाभर गवत, नाहीतर पिवळ्या फुलांची, काट्यांची गॉर्सची झुडपं. त्यात बॉल गेला की शोधायला तीनच मिनिटं मिळतात. झाडं जवळपास नसल्यामुळे वारा अडत नाही, हे सगळ्यांना कळतं. अंतराचा अंदाज चुकतो हे मात्र तिथे गेल्यावरच कळतं, कारण डोळ्याला मापायला उभं असं काहीच नसतं. झेंडा आहे त्यापेक्षा जवळ वाटतो.

त्यात हवेचा फरक. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि मे महिन्यातली इथली हवा तापलेली, विरळ असते. किनाऱ्यावरच्या पंधरा-सोळा अंशांच्या दाट हवेत तोच शॉट हवेत कमी जातो. वारा नसतानासुद्धा पाऊण ते एक क्लबाचा फरक धरा, म्हणजे सात नंबरच्या क्लबच्या जागी जवळजवळ सहा नंबर लागेल. जी मुलगी ‘माझा सात नंबर इतकाच जातो’ असं घट्ट धरून बसते, तिची पहिले नऊ होल फार ओढाताण होते. म्हणून तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी प्रॅक्टिस रेंजवर प्रत्येक क्लबचं हवेतलं अंतर नव्याने लिहून काढायचं. जुना तक्ता पुण्यातच ठेवायचा.

आता अपेक्षेचं बोलू, कारण माझ्या मते मुलं तिथे याच्यावर सगळ्यात जास्त अडखळतात. येरवड्याला ७५-७६ खेळणारी मुलगी तिथेही तोच आकडा डोक्यात घेऊन जाते. पाचव्या होलपर्यंत पाच शॉट जास्त झाले की तिला वाटतं, संपलं सगळं. तिला निघण्याआधी कागदावर गणित करून दाखवा. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये प्रत्येक कोर्सला, तिथल्या प्रत्येक टीसाठी (होलचा पहिला शॉट मारायची जागा), स्लोप आणि कोर्स रेटिंग असतं. रेटिंग म्हणजे निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर, आणि स्लोप म्हणजे साध्या खेळाडूला कोर्स किती जास्त अवघड जातो त्याचा आकडा. तिचा हँडिकॅप इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवायचं. समजा स्लोप १३९, रेटिंग ७४.३ आणि पार ७१ आहे. चार इंडेक्सच्या खेळाडूसाठी उत्तर येतं साधारण आठ. ७१ आणि आठ, म्हणजे तिथे ७९ हा तिचा चांगला दिवस झाला. शिवाय इंडेक्स शेवटच्या वीस राउंडांपैकी सर्वांत चांगल्या आठांवरून काढतात, तेव्हा नेहमीचा दिवस त्याहून दोन-तीन शॉट वरच असणार. जोराचा वारा सुटला तर आणखी वर. तिच्या स्पर्धेच्या कोर्सचे आणि तिच्या टीचे आकडे घ्या आणि हे गणित तिच्या हाताने करू द्या. ८२ मनात धरून गेलेली मुलगी ८१ खेळून आनंदाने बाहेर येते, आणि दुसऱ्या दिवशी ७८ खेळते.

बऱ्याच जुन्या लिंक्स कोर्सवर पहिले नऊ होल क्लबहाऊसपासून दूर जातात आणि पुढचे नऊ परत येतात. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स तसाच आहे. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर. अशा ठिकाणी नऊ होलनंतरच्या स्कोअरवरून काहीही ठरवायचं नाही, ना खूश व्हायचं ना खचायचं. सगळीकडे तसं नसतं. म्युरफील्डचे दोन्ही नऊ उलटसुलट फेऱ्यांत आहेत, त्यामुळे वाऱ्याची दिशा सतत बदलत राहते. तुमच्या कोर्सचा नकाशा आत्ताच पाहून हे समजून घ्या.

पुण्यात काय तयारी करायची? मे महिना आपल्या बाजूचा आहे. पाणी न घातलेली, उन्हाने तडकलेली जमीन आपल्याला कोर्सच्या कडेला किंवा साध्या मैदानावर मिळते, आणि लिंक्सच्या आखूड गवताला याहून जवळचं इथे दुसरं काही नाही. रोज अर्धा तास अशा जमिनीवरून तिने आठ नंबरच्या आयर्नने छोटे शॉट मारावेत. पाय जवळ, बॉल उजव्या पायासमोर, हात थोडे पुढे, आणि मनगट न मोडता पुटसारखा झोका. बॉल चार-पाच यार्ड हवेत, बाकी सगळा जमिनीवर. मी पाच, दहा आणि पंधरा यार्डांवर जुने टॉवेल अंथरतो. बॉल कुठे थांबला हे बघायचं नाही, तो टॉवेलवर पडला का एवढंच बघायचं. पुढे जमीन त्याला कशी नेते हे मुलं दोन-तीन आठवड्यांत आपसूक वाचू लागतात, जसं गोट्या खेळणारं पोर अंगणातला खड्डा न बघता ओळखतं.

यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. माझ्याबरोबर लिंक्सवर आलेला एक मुलगा लॉब वेजमध्ये (बॉल उंच उडवून अलगद पाडणारा क्लब) फार तरबेज होता. प्रॅक्टिस राउंडला ग्रीनपासून बारा यार्डांवर त्याने सवयीने वेज काढली. जमीन कडक, बॉलखाली गवताची गादी नाही. क्लबचा तळ जमिनीवर आपटून उसळला आणि कड बॉलच्या पोटात लागली. बॉल ग्रीन ओलांडून पलीकडच्या उतारावरून खाली. परत वेज, परत तेच. तिसऱ्या वेळी मी त्याच्या हातात पुटर दिला. बाराच्या बारा यार्ड बॉल जमिनीवरून गेला आणि होलपासून तीन फुटांवर थांबला. पुटर वापरताना त्याला कमीपणा वाटत होता, तो त्या एका शॉटने गेला. तुमच्या मुलीला हे इथेच पटवून द्या: ग्रीनच्या बाहेरून आधी पुटर, तो चालणार नसेल तर आठ नंबर, आणि दुसरा इलाजच नसेल तेव्हा वेज.

वाऱ्यासाठी बावधन-लवळ्याच्या डोंगरावरच्या ऑक्सफर्ड कोर्सवर शक्य तितक्या दुपारी न्या. चढ-उतारांमुळे अंतराचा अंदाज चुकण्याचीही सवय होते. जूनमध्ये पाऊस आला की पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि नेमके तेव्हाच बहुतेक पालक मुलांना घरी ठेवतात. विजा नसतील तर खेळवा. ओल्या ग्रिपने, पावसाच्या जाकिटात, चष्म्यावर थेंब असताना खेळण्याचा सराव दुसरा कुठे होणार?

वाऱ्यातल्या शॉटचं तंत्र सोपं आहे, पण स्वभावाला जड जातं. समोरून वारा आला की मूल जास्त जोरात मारतं. जोर वाढला की बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) वाढतो, बॅकस्पिन वाढला की बॉल वाऱ्यात वर चढतो आणि तिथेच खाली पडतो. म्हणून दोन नंबर लांबचा क्लब घ्यायचा, ग्रिप इंचभर खाली धरायची, बॉल नेहमीपेक्षा थोडा मागे, तीन चतुर्थांश झोका, आणि शेवट छातीच्या उंचीवर थांबवायचा. समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं पाठचा वारा देत नाही, हेही तिला आकड्यांत दाखवा. एकच क्लब, एकाच दिवशी, दोन्ही दिशांना दहा-दहा बॉल. आडव्या वाऱ्यात बॉल वळवून वाऱ्याशी झुंजण्याच्या भानगडीत या वयात पडू नये. बाजूला निशाण धरावं आणि वाऱ्याला काम करू द्यावं. पुटिंगला पाय जरा रुंद ठेवावेत. तिथले ग्रीन पुष्कळदा मुद्दाम फार वेगवान ठेवत नाहीत, नाहीतर वाऱ्याने बॉल जागचा हलेल. त्यामुळे पहिल्या दिवशी तिचे पुट कमी पडतील.

आता त्या खोल बंकरांची भीती. त्यांच्या भिंती गवताच्या थरांवर थर रचून उभ्या केलेल्या असतात, काही मुलीच्या डोक्यापर्यंत. तिला आत उतरण्याआधी एकच प्रश्न विचारायला शिकवा: झेंडा विसरले तर सगळ्यात सोपी बाहेरची वाट कोणती? बहुतेक वेळा ती बाजूला असते, कधी कधी चक्क मागे. बॉल भिंतीला चिकटला असेल तर नियम १९ चे पर्याय पाठ हवेत. एक पेनल्टी घेऊन बंकरमध्येच ड्रॉप करता येतो, आणि २०१९ पासून दोन पेनल्टी घेऊन, झेंडा आणि बॉल यांच्या सरळ रेषेत मागे, बंकरच्या बाहेरही ड्रॉप करता येतो. दोन शॉट देऊन बाहेर येणं महाग वाटतं, पण आत चार मारण्यापेक्षा स्वस्तच. २००० साली सेंट अँड्र्यूजला ओपनच्या (ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या) शेवटच्या दिवशी डेव्हिड डुव्हालला सतराव्या होलच्या रोड बंकरमधून बाहेर यायला चार शॉट लागले होते. त्याच स्पर्धेत टायगर वूड्स चार दिवस, ७२ होल, ११२ बंकरांपैकी एकातही गेला नाही आणि आठ शॉटनी जिंकला. त्या वेळी जगात त्याच्याइतका लांब आणि सरळ मारणारे फार थोडे होते, तरी त्याने बंकरांपासून दूर राहण्याची आखणी आधी केली.

ती आखणी प्रॅक्टिस राउंडमध्ये होते. प्रॅक्टिस राउंडला स्कोअर लिहू देऊ नका, कार्ड खिशातच नको. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी परवानगी घेऊन कोर्स नुसता चालून या, आणि चालताना प्रत्येक ग्रीनवरून मागे वळून टीकडे बघायला सांगा. टीवरून जे बंकर दिसत नाहीत ते उलट्या बाजूने दिसतात, आणि फेअरवेची खरी मोकळी बाजूही तिकडूनच कळते. मग राउंडमध्ये टीवरून एक बॉल नेहमीसारखा मारायचा. ग्रीनजवळ गेल्यावर मात्र, मागचे खेळाडू ताटकळत नसतील तर, तीन-चार बॉल आजूबाजूला टाकून बघायचे: पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून. कुठून दोन शॉटमध्ये होल होतो आणि कुठून होत नाही? यार्डेज बुकच्या (होलांचे नकाशे आणि अंतरं असलेल्या वहीच्या) पानावर जिथून होत नाही तिथे पेन्सिलने फुली. एका होलला एकच फुली. मुलं उत्साहाने पान भरून टाकतात आणि स्पर्धेत त्यातलं काही वाचत नाहीत.

समजा पार तीनचा १५५ यार्डांचा होल आहे. ग्रीनच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात खोल बंकर आणि झेंडा बरोबर त्याच्या मागे. उजवीकडे मोकळं गवत, तिथून ग्रीन झेंड्याकडे चढत जातो. फुली बंकरवर. म्हणजे स्पर्धेत झेंडा कुठेही असो, तिचं निशाण ग्रीनचा उजवा अर्धा भाग. उजवीकडे बाहेर गेली तरी आठ नंबरने बॉल वर लोटायचा आणि पुट. वाईटात वाईट चार. डावीकडे गेली तर पाच किंवा सहा. हा हिशेब प्रॅक्टिसच्या दिवशी शांत डोक्याने झालेला असेल तरच स्पर्धेच्या दिवशी हात झेंड्याकडे वळत नाही. स्कॉटलंडच्या कार्नुस्टीला १९९९ च्या ओपनमध्ये फ्रेंच खेळाडू जाँ व्हॅन द व्हेल्डला शेवटच्या होलवर सहा केले तरी विजेतेपद होतं, त्याने सात केले आणि बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरला. तेव्हा त्याचं तंत्र ढासळलं नव्हतं. एकामागून एक धाडसी शॉट निवडत तो बॅरी बर्नच्या ओढ्यापर्यंत गेला. हा होल मुलीला व्हिडिओवर दाखवा आणि प्रत्येक शॉटआधी थांबवून विचारा, तू काय केलं असतंस.

एक खबरदारी. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजून निकाल लागतो त्या प्रकारात) स्पर्धेच्या दिवशी राउंडआधी कोर्सवर सराव करता येत नाही, ठरवून दिलेल्या प्रॅक्टिस एरियातच करायचा. सकाळी सकाळी पहिल्या ग्रीनवर जाऊन दोन पुट मारायचा मोह होतो, तिला आधीच सांगून ठेवा.

क्लब नवे घेऊ नका. फार तर एक गोष्ट तपासा: तिच्या सँड वेजचा तळ फार रुंद, जास्त बाउन्सचा असेल तर कडक जमिनीवर तो उसळेल, तेव्हा कमी बाउन्सची एखादी वेज कोणाकडून तरी महिनाभर वापरून बघा. लांब आयर्न तिच्याकडे नसेल तर हायब्रीडने (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) खाली राहणारा शॉट शिकवा. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब झाले तर पेनल्टी आहे, विमानतळावरून येताना भावाचा एखादा क्लब आत राहिलेला असतो, तो काढा. दोन पावसाळी ग्लोव्ह, तीन टॉवेल, वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट. हे कपडे घालून इथे स्विंग करून बघितलेला हवा.

चार पूर्ण दिवस आधी पोचलात तर उत्तम. घड्याळ साडेचार तास मागे जातं, त्यामुळे पहिले दोन दिवस ती पहाटे तीनला जागी होईल. त्यात रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो, पडदे ओढून वेळेवर झोपवावं लागतं. पहिल्या दिवशी फक्त रेंज आणि पुटिंग, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कोर्स, चौथ्या दिवशी नऊ होल आणि विश्रांती. खाण्यात शेंगदाण्याची चिक्की, खजूर, दशम्या, बाकरवडी असं बॅगेत राहील. दुधाचे पदार्थ, म्हणजे पेढे-बर्फी, नेऊ नका, ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे.

ती फार लांब मारत नाही म्हणून तुम्हाला चिंता आहे, असंही तुम्ही लिहिलंत. अदिती अशोकने टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्याहून कितीतरी लांब मारणाऱ्या खेळाडूंमध्ये राहून चौथा क्रमांक मिळवला, पदक एका शॉटने हुकलं. तो कोर्स लिंक्स नव्हता. पण लिंक्सवरही आपल्या माणसांनी करून दाखवलं आहे. जीव मिल्खा सिंगने २०१२ ची स्कॉटिश ओपन कॅसल स्टुअर्टला जिंकली, शुभंकर शर्मा २०२३ च्या ओपनमध्ये हॉयलेकला संयुक्त आठवा आला. कडक जमिनीवर बॉल सगळ्यांचाच पळतो, आणि तिथे ताकदीपेक्षा अंदाज जास्त कामाला येतो.

टोकियोत अदितीची कॅडी, म्हणजे बॅग उचलून सल्ला देणारी सोबतीण, तिची आई होती. तुम्हाला तसं करावंसं वाटेल, पण बऱ्याच ज्युनियर स्पर्धांत पालकांना कॅडी होता येत नाही, तेव्हा स्पर्धेची नियमावली नीट वाचा. कॅडी नसाल तर राउंड चालू असताना क्लब, वारा, रेषा यातलं काहीही तिला सांगू शकत नाही. तिने तुम्हाला सल्ला विचारला तरी दोन शॉटची पेनल्टी तिला बसते. आणि मराठीत बोललात म्हणून कोणाला कळणार नाही असं अजिबात समजू नका. हातवारेसुद्धा सल्ल्यात धरले जातात. म्हणून पुढच्या लँडिंग एरियाजवळ, तिच्यापासून लांब, पण तिला दिसाल असे चाला. तिच्याकडे न बघता बॉलकडे बघा. मुलं शॉट चुकला की आधी आईबापांच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि तिथे कपाळावर हात दिसला की पुढचा शॉट त्या हातासाठी मारतात. तिच्या वडिलांना हे खास सांगा. पुण्यात रेंजवर मी त्यांच्यासारखे बरेच बाबा पाहतो, जीव तोडून मुलीसाठी धावणारे, पण प्रत्येक बॉलवर काहीतरी बोलणारे.

शेवटच्या होलनंतर लगेच तिला गाठायला जाऊ नका. तिला स्कोअरिंगच्या जागी जाऊन मार्करबरोबर (तिचा स्कोअर लिहिणाऱ्याबरोबर) प्रत्येक होलचा आकडा सावकाश ताडून सही करायची असते. बेरीज आयोजक करतात. पण एखाद्या होलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी लिहिला गेला आणि कार्ड दिलं, तर ती बाद होते. सही राहिली तरी शिक्षा आहे. थकलेली, चिडलेली किंवा फार खूश झालेली मुलगी इथेच गडबड करते, तेव्हा ती कार्ड देऊन बाहेर येईपर्यंत दोरीच्या अलीकडे थांबा, आणि ही कार्ड तपासण्याची सवय येरवड्याच्या प्रत्येक साध्या राउंडनंतर आत्तापासूनच लावा.